‘मी डोळ्यानं बघितलोय की!’ : मामांचा व्हिडिओ आणि नातीची लस

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागे राहते, गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जाते. मुलगी पाचवीत आहे. शाळेतून टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) लसीचा कागद आलाय, त्यावर पालकांची सही पाहिजे. सासरे (मी त्यांना मामा म्हणते) सही करू देईनात. वय 68, उभा जन्म लूमवर गेला. त्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. लस घेतलेली माणसं राक्षसासारखी होतात, सुईतून चिप घालतात, लोखंड अंगाला चिकटतं, शाळेतल्या मुली धडाधड पडतात, तेलंगणात मुली दगावल्या, असं सगळं त्यात आहे. आमचे निम्मे नातेवाईक तिकडचे, त्यामुळे सगळेच घाबरलेत. मी काही बोलले की मामा म्हणतात, ‘मी डोळ्यानं बघितलोय की!’ मिस्टर म्हणतात, बाबांना दुखवू नको. व्हिडिओ सोबत पाठवते. यात खरं किती? आणि गुपचूप लस दिली तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ. गुपचूप देऊ नका. आई म्हणून सही करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही, हे खरं. पण टीडीनंतर एक-दोन दिवस दंड दुखणं, अंग कोमट लागणं हे नेहमीचं आहे. रात्री नातीचं अंग तापलं आणि लस दिल्याचं मामांना तेव्हा कळलं, तर व्हिडिओतलं सगळं त्यांच्यासाठी खरं होऊन बसेल. पुढचा डोस सोळाव्या वर्षी असतो. त्या वेळी ते दारातच आडवे होतील.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. आम्ही तो आधी आवाज बंद करून पाहिला, मग डोळे मिटून नुसता ऐकला. मामांना शेजारी बसवून तुम्हीही तसंच करा. आवाज बंद केला की ती वाकळ आहे हे लगेच दिसतं. एक तुकडा सिनेमाचा, एक कुत्र्यांच्या दवाखान्याचा, एक कुठल्याशा शाळेच्या व्हरांड्याचा. प्रत्येक तुकड्याचा उजेड वेगळा, रंग वेगळा, कडेची काळी पट्टी कमी-जास्त. डोळे मिटून ऐकलं तर एकच ठणठणीत आवाज ऐकू येतो. तो सलग चार मिनिटं बोलतो, पण गावाचं नाव, तारीख, दवाखाना, डॉक्टर यातलं काहीही सांगत नाही. म्हणजे तुकडे वेगवेगळ्या लुगड्यांचे आणि दोरा त्या आवाजाचा. मामांनी तुकडे खरोखर डोळ्यांनी बघितलेत, त्यांचं तेवढं म्हणणं मान्य करून टाका. बोलायचं ते दोऱ्याबद्दल.

पहिला तुकडा ओसाड शहराचा. रस्त्यात गवत उगवलंय, बंदूक घेतलेला एक माणूस आणि त्याचा कुत्रा चाललाय. हा ‘आय ॲम लेजंड’ नावाचा इंग्रजी सिनेमा, 2007 सालचा, नट विल स्मिथ. तुमच्या व्हिडिओत दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात, आरशात दिसावीत तशी. चोरलेला सिनेमा संगणकाच्या तपासणीत पकडला जाऊ नये म्हणून चित्र असं फिरवतात. मामांना ती पाटी दाखवा. तिथे व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये टाका. चित्र फिरवलेलं असल्यानं पहिल्यांदा सापडलं नाही तर फोनच्या एडिटमध्ये जाऊन ते पुन्हा उलटं करा आणि परत शोधा. सिनेमाचं नाव आपल्या बोटांनी शोधल्यावर जे पटतं, ते आमच्या सांगण्यानं पटणार नाही.

त्या सिनेमात माणसं बिघडतात ती लसीनं नव्हेच. गोवराच्या विषाणूत फेरफार करून कॅन्सरवर उपचार काढलेला असतो. सुरुवातीला एक डॉक्टर बाई टीव्हीवर सांगते, 10,009 जणांवर प्रयोग केला आणि सगळे बरे झाले. पुढच्याच दृश्यात तीन वर्षं उलटलेली आणि शहर ओस पडलेलं. कोविडच्या काळात याच सिनेमाच्या नावानं लसीची अफवा इतकी पसरली, की ऑगस्ट 2021 मध्ये पटकथाकारांपैकी एक, अकिवा गोल्ड्समन, यांना जाहीरपणे लिहावं लागलं की अहो, हा सिनेमा आहे, ते मी रचलंय.

गोवराचा विषाणू बदलून कॅन्सरवर वापरायचं संशोधन खरोखरच चालतं. म्हणून तर असे सिनेमे अंगावर येतात. विज्ञानपटवाले खऱ्या संशोधनाचं एक टोक धरतात आणि बाकीचं आपल्या मनानं विणतात. पण त्या सिनेमाची खरी करामत राक्षसांत नाही. ती त्या दोन दृश्यांमधल्या कटमध्ये आहे. तीन वर्षं एका क्षणात गडप! खऱ्या जगात औषधाचा दोष उघडा पडतो तो त्याच वर्षांत. अमेरिकेत 1998 साली लहान बाळांच्या जुलाबावर रोटाशील्ड नावाची लस आली. साधारण दहा हजार बाळांत एकाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकतोय अशी शंका नोंदींवरून आली. 1999 च्या जुलैत ती देणं थांबवलं आणि त्याच वर्षी ती बाजारातून गेली. दहा हजारांत एक इतकं बारीक नुकसान वर्षभरात पकडलं गेलं. सिनेमाला ही वर्षं दाखवून चालत नाही, कारण प्रेक्षक उठून जातील.

टीडीच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट. सिनेमातला विषाणू जिवंत असतो, वाढतो, पसरतो. टीडीत जिवंत असं काहीच नसतं. धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांचे जंतू जे विष सोडतात, ते विष निकामी करून लशीत घातलेलं असतं. सोबत ॲल्युमिनियमचा क्षार आणि कुपी टिकावी म्हणून थोडं संरक्षक द्रव्य. वाढणारं काही नाही, तर अंगात शिरून माणूस बदलणार कसा?

चिपचा तुकडा मजेशीर आहे. जाड सुई, कातडीखाली काचेची बारीक नळी जाते. ही चिप खरी आहे, फक्त कुत्र्यामांजरांची. लांबी साधारण 12 मिलिमीटर, जाडी 2 मिलिमीटर, म्हणजे शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढी. तिच्यासाठी सुईही तेवढीच जाड लागते. शाळेत जी सुई वापरतात ती बाहेरून साधारण 0.6 मिलिमीटरची, आतली पोकळी त्याच्या निम्मी. त्यातून बासमतीचा दाणा जात नाही. शिवाय कुत्र्याच्या चिपमध्ये बॅटरी नसते. वाचायचं यंत्र वीतभर अंतरावर आणलं तरच ती आपला नंबर सांगते. कुत्रा कुठं गेला हे तिला स्वतःला ठाऊक नसतं. ठिकाण कळवायचं तर बॅटरी, अँटेना आणि मोबाइलचं नेटवर्क हवं. तेवढं सगळं असलेली वस्तू मामांच्या खिशातच आहे, पण हे वाक्य त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका.

मामांना पटेल असा हिशेब कुपीचा आहे. शाळेत येणारी टीडीची कुपी बहुधा 5 मिलिलिटरची असते, एकीत दहा मुलं होतात. प्रत्येकाला 0.5 मिलिलिटर. सिस्टर कुपी हलवतात आणि दहा वेळा त्यातून ओढून घेतात. एका मुलाच्या वाट्याला नेमकी एकच चिप यावी, कुणाला दोन नाहीत, कुणाला शून्य नाही, हे कसं जमवणार? लूमवर बॉबिनचा हिशेब ठेवलेला माणूस हा प्रश्न लगेच ओळखेल.

लोखंड चिकटण्याचं तर घरी दहा मिनिटांत होईल. जून 2021 मध्ये नाशिकहून असाच व्हिडिओ फिरला होता, कोविडची लस घेतली आणि नाणी-चमचे अंगाला चिकटले म्हणून. घामट, थोडी तेलकट कातडी आणि गुळगुळीत धातू, एवढं पुरतं. ज्याला लस दिलेली नाही त्याच्या दंडावर रुपयाचं नाणं दाबून लावा, तेही राहील. मग तोच दंड साबणानं धुऊन, पुसून, त्यावर टाल्कम पावडर चोळा. नाणं खाली. चुंबक असता तर पावडरला जुमानला नसता. जुन्या स्पीकरचा चुंबक पातळ पावडरीवरही नाणं धरतो, तेही करून दाखवा. चमच्यापेक्षा नाणं घ्या; स्टीलच्या बऱ्याच चमच्यांना चुंबक धरतच नाही, उगाच घोळ व्हायचा.

मुली पडतात तो तुकडा मात्र गंभीरपणे घ्या. ती दृश्यं खरी असू शकतात. असं खरोखर घडतं आणि त्याचं कारण लशीच्या आत नसून रांगेत असतं. भीतीनं किंवा दुखण्यानं नाडी मंदावते, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं आणि मूल कोसळतं. आडवं केलं, पाय उंचावर ठेवले की बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत डोळे उघडतं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं. पहिली पडली की मागच्या रांगेतल्यांना तेच दिसतं. उपाशीपोटी उन्हात उभ्या असलेल्या आणखी चार पडतात. कुणीतरी मोबाइल काढतो. त्या क्लिपवर सिनेमाचं संगीत चढवलं की साध्या चक्करीचा विषप्रयोग होतो. धोका चक्करीचा नसतो, पडताना डोकं फरशीवर आपटण्याचा असतो.

आता तेलंगणा. इथे मामांना खोटं पाडायला जाऊ नका, कारण धागा खरा आहे. 2009 साली खम्मम जिल्ह्यात (तेव्हा तो आंध्रात होता) आणि पुढे गुजरातमध्ये बडोद्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प चालला. ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस आहे, टीडीशी तिचा संबंध नाही. त्यात सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचं कारण लस असल्याचं निघालं नाही. कुणी बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलं होतं. पण दुसरी गोष्ट निघाली, ती लाजिरवाणी. आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीनं 2013 च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले.

म्हणजे मामा सहीवर अडून बसलेत, त्यात चूक काही नाही. खम्ममला जे व्हायला हवं होतं ते त्यांच्या नातीच्या बाबतीत होतंय, कागद घरी आलाय. त्यांना हे याच शब्दांत सांगा. आमच्या मते तुमच्या घरातली निम्मी गाठ इथेच सुटेल.

व्हिडिओतला आवाज शेवटी म्हणतो, ‘सिनेमावाल्यांना सगळं आधीच माहीत होतं.’ हे वाक्य 2020 मध्ये ‘कंटेजन’ या 2011 च्या सिनेमावरून फार चाललं. त्यात रोग वटवाघळातून डुकरात आणि डुकरातून माणसात येतो. दिग्दर्शकानं इयन लिपकिन या विषाणूतज्ज्ञाला सल्लागार घेतलं होतं आणि नमुना होता निपाह या विषाणूचा. 1998-99 मध्ये मलेशियात नेमकं तसं घडून गेलं होतं. सिनेमाला आधी कळलं ते शास्त्रज्ञांना आधी कळलं म्हणून. आणखी गंमत म्हणजे त्याच सिनेमात एक पात्र इंटरनेटवर खोटं औषध खपवतं आणि माल कमावतं. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘सिनेमे खऱ्यावरच काढतात की,’ असं मामा म्हणाले तर भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून सुरुवात करा. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 साली चीनला गेले, 1942 साली तिथेच वारले. व्ही. शांताराम यांचा सिनेमा आला 1946 साली. आधी माणूस, मागून सिनेमा. तुमच्या व्हिडिओत क्रम उलटा आहे. आधी सिनेमा, मग त्याच्या मापाचं ‘सत्य’ शोधत फिरायचं. कुठल्याही फॉरवर्डला एवढंच विचारायचं, आधी काय झालं आणि मागून काय आलं?

मामा हट्टी आहेत म्हणून त्यांना हे चिकटलं असं समजू नका. चित्र डोक्यात राहतं, ते कुठं बघितलं ते पुसून जातं. बातमी, सिनेमा, फॉरवर्ड सगळं त्याच पाच इंची पडद्यावर दिसतं, तेव्हा तर जास्तच. आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की खरं वाटू लागतं; 1977 पासून मानसशास्त्रज्ञ हे प्रयोगांत दाखवत आलेत. त्यामुळे तुम्ही रोज जेवताना ‘लसीत चिप नसते’ म्हणत राहिलात तर घरात चिपचाच जप चालेल. खरं आधी सांगा, अफवेचा उल्लेख एकदाच, मग पुन्हा खरं. ग्रुपवर लिहायचं तर असं काहीतरी लिहा : ‘शाळेतली टीडी म्हणजे आपलं टीटीच, त्यात घटसर्पाची भर. व्हिडिओतलं ओस शहर 2007 च्या इंग्रजी सिनेमातलं आहे. आपल्या घरच्या मुलीला ही लस द्यायची आहे.’ मामांचं नाव त्यात घेऊ नका. चार लोकांत त्यांची मान खाली गेली तर ते परत येणार नाहीत.

टीटीचा हा मुद्दा आम्ही शेवटी ठेवला, तुम्ही मात्र त्याच्यापासूनच सुरुवात करा. लूमवर उभा जन्म काढलेल्या माणसाचा हात कितीदा कापला असेल? दर वेळी दंडात काय टोचून घेतलं, विचारा. ते टीटीच असणार. आता सरकारी कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आली आहे. मामांनी तेव्हा घेतलं त्यातला धनुर्वाताचा भाग आणि नातीच्या कुपीतला भाग एकच. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना देत होते तेव्हापासूनची ही लस. (जाता जाता : दर जखमेला टीटी घ्यायची गरज नसते. आधीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला दहा वर्षांत एकदा पुरतं, मातीशेणाच्या जखमेला पाच. फार वेळा घेतली तर दंड सुजून येतो. आणि गंज हे धनुर्वाताचं कारण नव्हे. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात.)

संशय घेणाऱ्या माणसाला काम द्यावं. मामांना नातीबरोबर शाळेत न्या आणि खरोखर बघण्यासारख्या जागा दाखवा. लस कुठं बिघडते, तर ती सिनेमात कधी न दिसणाऱ्या ठिकाणी. 1902 साली पंजाबात मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर 19 माणसं धनुर्वातानं मेली; दोष निघाला एका बाटलीत शिरलेल्या जंतूंचा. म्हणून कुपी बघायची. तिच्या लेबलवर गोल असतो, त्यात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला की लस उन्हातान्हातून नीट आली आहे. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला, तर ती कुपी वापरायची नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे जरूर बघावं. कुपी आधी उघडलेली असेल तर तिच्यावर उघडल्याची तारीख हवी; नीट थंड ठेवलेली टीडी 28 दिवस चालते. टीडी गोठली तरी वाया जाते. बर्फाला चिकटून राहिलेली कुपी हलवल्यावर आत कण दिसतात आणि ते लवकर तळाला बसतात. सिरिंजचं पाकीट समोर फोडायला सांगा. ती एकदा दाबली की अडकते, दुसऱ्यांदा भरता येत नाही. सिस्टर असे प्रश्न विचारणाऱ्याला हाकलत नाहीत, घाईत असल्या तरी.

मुलीला सकाळी पोटभर खाऊ घाला, पाणी पाजा, बसवूनच टोचून घ्या, नंतर अर्धा तास तिथेच थांबा. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाखांत एखाद्याला होते, आणि झाली तर बहुधा या अर्ध्या तासातच कळते. लसीकरणाच्या जागी त्यासाठी ॲड्रेनालिन ठेवलेलं असतं. आधीच्या कुठल्या लशीनंतर अंगावर गांधी उठून श्वास लागला असेल, तर ते आधीच सांगा. आज कडक ताप असेल तर दिवस पुढे ढकला. शाळेचा दिवस चुकला तर जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात कार्ड घेऊन जा. फुकट मिळते, आधीचे डोस परत घ्यावे लागत नाहीत. घरी आल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. 30 किलोच्या मुलीला एका वेळी 300 ते 450. ताप दोन दिवसांवर गेला किंवा दंडाची सूज कोपराखाली उतरली तर डॉक्टरांना दाखवा.

कार्डावर तारीख लिहून घेताना सिस्टरना मामांच्या शेवटच्या टीटीचंही विचारा. दहा वर्षं होऊन गेली असतील तर त्यांचाही डोस कधी घ्यायचा ते तिथेच कळेल.